हेंडरसन ब्रुक्स अहवाल : सत्तांतरे झाली, गोपनीयता कायम

चीनबरोबरच्या १९६२ च्या युद्धातील पराभवाची लष्करी चिकित्सा करणारा हेंडरसन ब्रुक्स अहवाल सहा दशके उलटूनही सरकारने अधिकृतरीत्या प्रसिद्ध केलेला नाही. या काळात वेगवेगळ्या पक्षांची सरकारे केंद्रात आली आणि गेली. विरोधात असताना अहवाल खुला करण्याची मागणी करायची आणि सत्तेवर येताच राष्ट्रहिताचे कारण देऊन तो रोखून धरायचा, असेच या वादाचे स्वरूप राहिले आहे.

चौकशी कशाची होती?

युद्धानंतर लष्करप्रमुख जनरल जे. एन. चौधरी यांनी लेफ्टनंट जनरल टी. बी. हेंडरसन ब्रुक्स आणि व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी ब्रिगेडियर प्रेमिंद्रसिंग भगत यांच्याकडे चौकशी सोपविली. प्रशिक्षण, शस्त्रसामग्री, आदेशांची साखळी, जवानांची शारीरिक क्षमता आणि सेनाधिकाऱ्यांचे नेतृत्व हे तपासाचे विषय होते. राजकीय निर्णयांची चौकशी त्यांच्या कक्षेत नव्हती. अहवाल १९६३ मध्ये सादर झाला.

त्या वेळी संरक्षणमंत्रिपदी यशवंतराव चव्हाण होते. सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला, असे ज्या नेमणुकीचे वर्णन महाराष्ट्रात आजही केले जाते, त्याच नेमणुकीतील हे एक अवघड काम होते. २ सप्टेंबर १९६३ रोजी चव्हाण यांनी अहवालातील निष्कर्षांचा गोषवारा लोकसभेत सांगितला. मात्र, पूर्ण अहवाल उघड केल्यास सुरक्षेला धोका पोहोचेल आणि सीमेवरील सैन्याच्या मनोधैर्यावर परिणाम होईल, अशी भूमिका त्यांनी घेतली. पुढील सरकारांनी थोड्याफार फरकाने हीच भूमिका कायम ठेवली.

भूमिका कशा बदलल्या?

ज्येष्ठ पत्रकार कुलदीप नय्यर यांनी माहितीच्या अधिकाराखाली अहवालाची प्रत मागितली. केंद्रीय माहिती आयोगाने अहवाल तपासून पाहिला आणि सीमाप्रश्न अद्याप जिवंत असल्याने त्यातील कोणताही भाग देता येणार नाही, असा निर्णय मार्च २००९ मध्ये दिला. संयुक्त पुरोगामी आघाडी सरकारचे संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी २०१० मध्ये संसदेत हेच सांगितले. अहवालातील मजकूर अत्यंत संवेदनशील असून लष्करी कारवाईच्या दृष्टीने त्याला आजही मूल्य आहे, असे त्यांचे उत्तर होते.

मार्च २०१४ मध्ये, लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर, ब्रिटिश वंशाचे पत्रकार नेव्हिल मॅक्सवेल यांनी अहवालाच्या पहिल्या खंडाचा मोठा भाग इंटरनेटवर टाकला. पुरेसे बळ नसताना सीमेवर पुढे चौक्या उभारण्याचे धोरण राबविल्याबद्दलची टीका त्यातून लोकांसमोर आली. नेहरू सरकारच्या चुका लपविण्यासाठीच अहवाल दडविल्याचा आरोप भाजपने केला. राज्यसभेतील तत्कालीन विरोधी पक्षनेते अरुण जेटली यांनी लेख लिहून, असे दस्तऐवज अनिश्चित काळ गोपनीय ठेवणे व्यापक जनहिताचे नाही, असे मत मांडले.

त्यानंतर सत्तांतर झाले आणि जेटली यांच्याकडे अर्थ खात्याबरोबर संरक्षण खातेही आले. ८ जुलै २०१४ रोजी राज्यसभेत त्यांनीच लेखी उत्तर दिले, की हा अहवाल परमगोपनीय असून तो पूर्णतः वा अंशतः प्रसिद्ध करणे राष्ट्रहिताचे ठरणार नाही. मागणी आणि नकार यांत चार महिन्यांचेही अंतर नव्हते.

कायदा काय सांगतो?

माहिती अधिकार कायद्यानुसार वीस वर्षांपूर्वीच्या घटनांची माहिती सर्वसाधारणपणे द्यावी लागते. परंतु देशाची सुरक्षा, संसदेचे विशेषाधिकार आणि मंत्रिमंडळाची कागदपत्रे यांना त्यातही अपवाद आहे. सार्वजनिक अभिलेख कायदा, १९९३ नुसार गोपनीय शिक्का असलेली कागदपत्रे राष्ट्रीय अभिलेखागाराकडे पाठविता येत नाहीत. शिक्का काढण्याचा अधिकार मात्र कागदपत्रे ज्याच्या ताब्यात आहेत त्या खात्याकडेच राहतो.

संरक्षण मंत्रालयाने जून २०२१ मध्ये युद्धविषयक कागदपत्रे साधारणपणे २५ वर्षांत खुली करण्याचे धोरण जाहीर केले. जुनी युद्धे आणि मोहिमांची कागदपत्रे आपोआप खुली होणार नाहीत, त्यांचा प्रकरणपरत्वे विचार होईल, अशी भूमिकाही त्याच वेळी मांडली गेली.

सुरक्षेचा मुद्दा पूर्णपणे पोकळ नाही. चीनबरोबरची सीमा अद्याप निश्चित झालेली नाही आणि २०२० मध्ये गलवान खोऱ्यात २० भारतीय जवानांना प्राण गमवावे लागले. तथापि, संवेदनशील भाग वगळून अहवाल प्रसिद्ध करण्याचा मार्ग सरकारला अपरिचित नाही. कारगिल आढावा समितीचा अहवाल फेब्रुवारी २००० मध्ये काही मजकूर वगळून संसदेपुढे ठेवण्यात आला होता.

सरकारी आकड्यांनुसार १९६२ च्या युद्धात १,३८३ भारतीय सैनिक ठार झाले आणि सुमारे १,७०० बेपत्ता झाले. त्यांच्या वाट्याला हा पराभव कशामुळे आला, याची लष्कराने स्वतः केलेली नोंद उपलब्ध आहे. ती कोणी वाचावी, हे ठरविणारी पक्षनिरपेक्ष यंत्रणा नसल्याने हा प्रश्न दर सत्तांतरानंतर पूर्वीच्याच जागी येऊन थांबतो.