संपूर्ण भूल की कमरेतली भूल

क्युरेटिंग, दुर्बिणीतून गर्भाशयाची तपासणी अशा स्त्रीरोग शस्त्रक्रिया बहुधा १०-२० मिनिटांत आटोपतात, म्हणून त्यांना संपूर्ण भूल सहसा सोयीची पडते. प्रोपोफॉल शिरेतून दिले की क्षणात झोप लागते, जागही लवकर येते. मागे मळमळ राहू शकते.

कमरेतली भूल ऑगस्ट बिअर यांनी १८९८ मध्ये जर्मनीतील कील येथे प्रथम शस्त्रक्रियेसाठी वापरली. कमरेच्या मणक्यांमधून बारीक सुईने औषध सोडताच पाय उबदार, जड होतात. भूलतज्ज्ञ पोटावर स्पिरिटचा बोळा टेकवून विचारतात, “गार लागतंय का?” स्पर्श कळतो, गारवा कळत नाही, म्हणजे भूल चढू लागली. दमा किंवा फुप्फुसाचा विकार असल्यास ही पद्धत बऱ्याचदा बरी. मात्र रक्तदाब उतरू शकतो, पाय काही तास बधिर राहतात, लघवी अडू शकते. काहींना उठून बसल्यावर वाढणारी डोकेदुखी होते. रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास किंवा सुईच्या जागी जंतुसंसर्ग असल्यास ती टाळतात. ‘त्या इंजेक्शनाने कंबर कायमची धरते’ या समजाला आधार नाही. या भीतीपायी कुणी ती नाकारू नये. उपास दोन्हींना लागतो: जेवण ६ तास, पाणी २ तास आधी बंद.