जीवशास्त्रीय वर्गीकरणाच्या श्रेणी

जीवशास्त्रीय वर्गीकरणाच्या श्रेणी म्हणजे सजीवांची साम्ये व परस्परनाते यांच्या आधारे त्यांना एकात एक सामावणाऱ्या गटांत मांडताना वापरले जाणारे स्तर होत. सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती आणि जाती या सात मुख्य श्रेणी आहेत. त्यांपैकी सृष्टी हा सर्वांत व्यापक गट असून जाती हा वर्गीकरणाचा मूलभूत घटक मानला जातो. वनस्पतींच्या बाबतीत संघाऐवजी 'विभाग' ही संज्ञाही वापरतात. सृष्टीच्याही वर 'डोमेन' ही श्रेणी आता रूढ झाली आहे.

श्रेणींचा क्रम

वाघाचे वर्गीकरण पुढीलप्रमाणे केले जाते :

- सृष्टी : ॲनिमेलिया, प्राणी
- संघ : कॉर्डाटा, पृष्ठरज्जू असलेले प्राणी
- वर्ग : मॅमेलिया, सस्तन प्राणी
- गण : कार्निव्होरा, मांसाहारी गण
- कुल : फेलिडी, मार्जार कुल
- प्रजाती : पँथेरा
- जाती : पँथेरा टायग्रिस, वाघ

या क्रमात खाली जावे तसतशी गटातील सजीवांची संख्या कमी होते आणि त्यांच्यातील साम्य वाढते. वाघ, सिंह व बिबट्या हे पँथेरा या एकाच प्रजातीतील प्राणी आहेत. घरातील मांजर वेगळ्या प्रजातीतील असले तरी त्याचे कुल वाघाचेच आहे. कुत्र्याचे कुल निराळे, पण गण तोच. गायीचा गण निराळा, पण वर्ग तोच. कावळा केवळ संघापर्यंत वाघाच्या सोबत असतो, तर फुलपाखरू फक्त सृष्टीपुरते.

यातून एक नियम निघतो. दोन सजीव एखाद्या श्रेणीत एकत्र असतील, तर त्यावरच्या सर्व श्रेणींतही ते एकत्रच असतात. याउलट, वरच्या श्रेणीतील एकत्रपणावरून खालच्या श्रेणीविषयी काहीही सांगता येत नाही.

इतिहास

स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनियस (१७०७–१७७८) यांनी १७३५ साली प्रसिद्ध केलेल्या 'सिस्टेमा नॅचुरे' या ग्रंथात श्रेणीबद्ध वर्गीकरणाची मांडणी केली. त्यांच्या पद्धतीत सृष्टी, वर्ग, गण, प्रजाती व जाती या श्रेणी मुख्य होत्या. कुल आणि संघ यांना मुख्य श्रेणींचे स्थान नंतर मिळाले. संघासाठीची 'फायलम' ही संज्ञा जर्मन जीवशास्त्रज्ञ एर्न्स्ट हेकेल यांनी १८६६ मध्ये योजिली. वनस्पतींच्या नामकरणाचा आरंभबिंदू म्हणून लिनियस यांचा १७५३ चा 'स्पीशीज प्लँटारम' हा ग्रंथ, तर प्राण्यांसाठी 'सिस्टेमा नॅचुरे'ची १७५८ ची दहावी आवृत्ती मानली जाते.

रॉबर्ट व्हिटेकर यांनी १९६९ मध्ये मोनेरा, प्रोटिस्टा, कवके, वनस्पती व प्राणी अशी पंचसृष्टी पद्धती मांडली. पुढे कार्ल वूज व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये जीवाणू, आर्किया आणि युकॅरिया ही तीन डोमेन सुचविली.

द्विनाम पद्धती

प्रत्येक जातीचे शास्त्रीय नाव दोन पदांचे असते. पहिले पद प्रजातीचे, तर दुसरे त्या जातीचे विशेषक असते. केवळ दुसऱ्या पदावरून जातीची ओळख पटत नाही. उदाहरणार्थ, महाराष्ट्राचा राज्यवृक्ष आंबा याचे नाव मँजिफेरा इंडिका, तर राज्यप्राणी शेकरू याचे नाव रतुफा इंडिका असे आहे. दोन्हींतील 'इंडिका' हे पद भारताशी असलेला संबंध दर्शवते. नात्याचा बोध होत नाही. हे दोन सजीव तर सृष्टीच्या पातळीवरच वेगळे होतात.

नावाच्या शेवटावरून काही वेळा श्रेणी ओळखता येते. प्राण्यांच्या कुलांची नावे 'इडी'ने संपतात, जसे फेलिडी. वनस्पतींच्या कुलांची नावे 'एसी'ने, जसे आंब्याचे ॲनाकार्डिएसी. वनस्पतींच्या गणांची नावे 'एलीस'ने संपतात, जसे सॅपिंडेलीस.

प्रजाती व जाती या संज्ञांतील गोंधळ

मराठी शास्त्रीय परिभाषेत 'जीनस' म्हणजे प्रजाती आणि 'स्पीशीज' म्हणजे जाती. हिंदीत 'जीनस'साठी 'वंश' ही संज्ञा असून 'प्रजाति' हा शब्द अनेकदा 'स्पीशीज'साठी येतो. मराठी बातम्या व भाषांतरे यांतही हा वापर शिरल्यामुळे अर्थ बदलतो. 'नवी प्रजाती आढळली' या वाक्याचा काटेकोर अर्थ संपूर्ण नवे जीनस आढळले असा होतो. प्रत्यक्षात बहुधा एकच नवी जाती आढळलेली असते. वाघ ही प्रजाती नसून जाती आहे. प्रजाती पँथेरा ही आहे.

क्रम लक्षात ठेवण्याच्या पद्धती

मराठी संज्ञांची आद्याक्षरे जोडल्यास 'सृ-सं-व-ग-कु-प्र-जा' अशी साखळी तयार होते. तिच्या शेवटच्या तीन अक्षरांतून 'कुप्रजा' हा उच्चारण्यास सोपा शब्द मिळतो आणि त्यामुळे प्रजाती आधी व जाती नंतर, हा नेहमी चुकणारा क्रमही पक्का होतो. इंग्रजी माध्यमातील विद्यार्थी 'किंग फिलिप' या शब्दांनी सुरू होणारी वाक्ये याच कारणासाठी पाठ करतात.

अशा युक्त्यांनी केवळ क्रम लक्षात राहतो, अर्थ नव्हे. त्यासाठी एखाद्या परिचित सजीवाचे संपूर्ण वर्गीकरण लिहून, प्रत्येक श्रेणीत त्याच्यासोबत आणखी कोण येते हे पाहणे अधिक उपयुक्त ठरते. श्रेणींची तुलना टपालाच्या पत्त्यातील राज्य, जिल्हा, तालुका व गाव यांच्याशीही केली जाते. मात्र पत्त्याच्या सीमा प्रशासन ठरवते, तर वर्गीकरणातील गट उत्क्रांतीतील नात्याशी जुळावेत अशी अपेक्षा असते.

मर्यादा

जातीवरील श्रेणींच्या सीमा बऱ्याच अंशी अभ्यासकांच्या संकेतांवर अवलंबून असतात. एका गटातील कुल दुसऱ्या गटातील कुलाइतकेच प्राचीन असेल असे नाही. शिवाय पारंपरिक श्रेणी आणि उत्क्रांतीचा इतिहास यांचा मेळ सर्वत्र बसत नाही. मगरी रूढ वर्गीकरणात सरड्यांसह सरीसृप वर्गात येतात, परंतु त्यांचे जवळचे नाते पक्ष्यांशी आहे. त्यामुळे आधुनिक अभ्यासात समान पूर्वजावर आधारित गटांना महत्त्व दिले जाते. तरीही नामकरण व अध्यापन यांसाठी या सात श्रेणींचा वापर सुरूच आहे.