चुलवाणातलं डांबर

1935 सालचा पौष. पहाटेची थंडी झोंबतेय आणि तुम्ही सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याकडे, नीरेकाठच्या एका गुऱ्हाळावर उभे आहात. काहिलीत रस उकळतोय, गुळव्या वरची मळी काढतोय. चुलवाणापाशी बसलेला म्हातारा वाळक्या चिपाडांचा कवळा आत लोटतो आणि तुम्हाला म्हणतो, “पाव्हणं, मागं सरा, जाळ लागंल.”

तुम्ही सरता, पण धूर नाकात शिरतोच. त्याच्या त्या खमंग, उग्र वासात ग्वायाकॉल आहे. चिपाडातलं लिग्निन तापून तुटलं की ते बाहेर पडतं. कोरड्या चिपाडाचा साधारण पाचवा हिस्सा लिग्निनचा. जाळाला त्याचा हातभार वजनाच्या मानानं मोठा, कारण किलोमागे ते सेल्युलोजपेक्षा जास्त उष्णता देतं.

एक चिपाड उचला आणि मागे चला, 40 कोटी वर्षं. सह्याद्रीचा काळा दगड लाव्ह्यातून यायला अजून 33 कोटी वर्षं आहेत. पायाखाली चिखल, त्यात बोटभर उंचीच्या बिनपानांच्या काड्या. खाली वाका. एका काडीतल्या पाण्याच्या नळीत शिरा. नळीच्या भिंतीत सेल्युलोजचे धागे आहेत आणि त्यांच्या फटींत, कुडावर शेणमातीचा लिंपा बसावा तसं, काहीतरी भरलं जातंय. विकरं छोट्या सुगंधी अल्कोहोलांमधला एकेक हायड्रोजन काढून घेतात. उरलेले अस्वस्थ रेणू जिथे जमेल तिथे एकमेकांना चिकटतात. नेमका आराखडा नाही, ठरलेला क्रम नाही. म्हणूनच हे लिग्निन कुजवायला बुरशीला घाम फुटतो आणि उलगडायला रसायनशास्त्रज्ञाला. पण त्याच्याच जोरावर झाड उभं राहिलं, पाणी शेंड्यापर्यंत चढलं.

आता 21 डिसेंबर 2024, नागपूरजवळचं मनसर. राष्ट्रीय महामार्ग 44 वर केंद्रीय रस्तेमंत्री नितीन गडकरी एका रस्त्याच्या तुकड्याचं उद्घाटन करताहेत. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजनं लिग्निनपासून बनवलेलं जैवडांबर इथल्या डांबरात मिसळलंय. हे जुळतं, कारण लिग्निनमध्ये कार्बनची षटकोनी कडी खच्चून भरलेली असतात, आणि खनिज तेलाच्या डांबरातल्या सगळ्यात जड भागातही तशीच कडी असतात. नॉर्वेत लाकडाच्या लिग्निनपासून व्हॅनिलाचा स्वाद देणारं व्हॅनिलिन कित्येक वर्षं बनतंय. मला मात्र डांबराचं मोल जास्त वाटतं, कारण रस्त्याला माल टनांनी लागतो आणि आपल्याकडे उसाच्या चिपाडांचा भुसाही टनांनीच निघतो.

मग आजच्या खंडाळ्यात या. खंबाटकीच्या पायथ्याशी उसाचे ट्रॅक्टर रांगेनं चाललेत. कारखान्यात गेल्यावर भुसा बॉयलरमध्येच जाईल, वाफ होईल, वीज होईल. ते वाया जाणं नव्हे. लिग्निन काढून घेतलं तर बॉयलरला दुसरं जळण द्यावं लागेल, हा खर्च धरूनच बोललं पाहिजे.

पण दुसरा हिशेबही आहे. महाराष्ट्राच्या 2013 च्या ऊसदर कायद्यात शेतकऱ्याचा वाटा ठरवताना साखरेबरोबर भुसा, मळी आणि प्रेसमड धरतात. तिथे भुशाची किंमत होते ती भुसा म्हणून. उद्या त्यातून लिग्निन वेगळं काढून डांबराच्या भावानं विकलं गेलं, तर त्या पैशातला वाटा उसाच्या बिलात यायला हवा. खंडाळ्याच्या शेतकऱ्यानं तो वाटा पहिला प्रकल्प उभा राहायच्या आधीच मागावा.