रोग नसलेल्या कोंबड्या आणि भरपाईची तरतूद

१/ २०२० च्या उन्हाळ्यात नागपुरात करोनाचे नमुने तपासणाऱ्या मोजक्या प्रयोगशाळांपैकी एक मिहानमधील एम्सची होती, तर दुसरी महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची, म्हणजे ‘माफसू’ची. जनावरांच्या रोगांसाठी उभारलेली यंत्रणा माणसांच्या कामी आली. त्याच काळात पाळीव पशुपक्ष्यांवर काय गुदरले, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

२/ विषाणूच्या आधी अफवा पोहोचली. कोंबडी खाल्ल्याने करोना होतो, असे संदेश फेब्रुवारीपासूनच फिरू लागले. याला पुरावा नाही, असे केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने स्पष्ट केले. शेजारच्या तेलंगणात तर मंत्र्यांनी व्यासपीठावर कोंबडी खाऊन दाखवली! उपयोग झाला नाही. टाळेबंदी लागण्यापूर्वीच भाव उत्पादनखर्चाच्या कितीतरी खाली गेले होते.

३/ भाव पडला तर कापूस घरात ठेवता येतो. कोंबडी ठेवता येत नाही. ब्रॉयलर पक्षी ३५ ते ४२ दिवसांत सुमारे दोन किलोचा होतो आणि विक्रीला निघतो. तो निघालाच नाही, तर खाद्य खात राहतो, वाढत राहतो, आणि त्याच शेडमध्ये दाटी होते. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात. ती धापा टाकूनच अंग थंड ठेवते. विदर्भाच्या उन्हाळ्यात अशा दाटीचा अर्थ काय, हे वेगळे सांगायला नको. पशुखाद्याच्या वाहतुकीला टाळेबंदीत सवलत होती, पण कागदावरच्या सवलतीने ट्रकला चालक आणि हमाल मिळत नाहीत.

४/ मग कोणी पक्षी फुकट वाटले, कोणी खड्डे खणले. बेळगाव जिल्ह्यातील गोकाक तालुक्यात मार्चमध्ये एका व्यावसायिकाने सुमारे ६,००० कोंबड्या जिवंत पुरल्या. त्या पक्ष्यांना कोणताही रोग नव्हता.

५/ प्रश्न नेमका येथेच अडतो. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातील पहिला एच५एन१ बर्ड फ्लू आढळला. शासनाने लाखो पक्षी मारले आणि मालकांना भरपाई दिली. पुढेही रोगनियंत्रणासाठी मारलेल्या पक्ष्यांच्या भरपाईची शासकीय तरतूद राहिली. २०२० मध्ये मात्र कोंबड्या निरोगी होत्या आणि त्या मारण्याचा आदेश कोणी दिला नव्हता. त्यामुळे या तरतुदीखाली मालकाला मागण्यासारखे काहीच उरले नाही. पक्ष्याच्या यातनांची तर त्यात नोंदही नाही.

६/ दुधाचे तसे झाले नाही. मागणी घटताच राज्याने रोज १० लाख लिटर अतिरिक्त दूध २५ रुपये लिटरने घेऊन त्याची भुकटी करण्याचे ठरवले. दूध सुकवून साठवता येते, हे एक कारण. दुधामागे संघ आणि सहकाराची जुनी ताकद होती, हे दुसरे, आणि बहुधा अधिक वजनदार.

७/ जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे बर्ड फ्लूचे निदान झाले. फेब्रुवारीत तो पुन्हा नवापुरात आला. या वेळी कोंबड्यांना रोग होता. पथके आली, पक्षी मारले गेले, आणि भरपाईची तरतूद लागू झाली.