शिट्टी, नळी आणि एक आंधळा मासा

वर्गातल्या मत्स्यपेटीत तळाशी राहणारा मासा आणून सोडला की मुलांची पहिली तक्रार ठरलेली असते : मासा दिसतच नाही. शिंगी असो, मागूर असो की दुकानातून आणलेला लोच, सोडल्याबरोबर तो एखाद्या दगडाआड जातो आणि दिवसभर तिथून हलत नाही. मग कोणीतरी तो दगडच काढून टाकायला सुचवतो. मासा बघायलाच तर पेटी आणली आहे ना! दगड काढला की मासा दिसतो खरा, पण कोपऱ्यात अंग चोरून बसलेला, नाहीतर काचेला तोंड घासत वरखाली करणारा. अशा माशाचे निरीक्षण करून त्याच्याविषयी काय कळणार?

लपायला जागा दिल्याने मासा समजून घेणे अवघड होते, असे आपल्याला वाटते. विज्ञानाच्या इतिहासात नेमके याच्या उलट घडल्याचे एक उदाहरण आहे. त्यात लपायची जागा म्हणजे मातीची एक साधी भाजलेली नळी होती.

प्रश्न जुना होता : माशांना ऐकू येते का? ऑस्ट्रियातल्या क्रेम्समुन्स्टर इथल्या मठात माशांची तळी आहेत. तिथे घंटा वाजवली की मासे खाण्यासाठी गोळा होतात, अशी ख्याती होती. व्हिएन्नाच्या आलोइस क्राइडल यांनी १८९६ साली ही गोष्ट तपासली. माणूस दिसू न देता घंटा वाजवली तर मासे येत नव्हते, आणि माणूस नेहमीसारखा काठाशी आला तर घंटेशिवायही येत होते. क्राइडल यांची ही तपासणी चोख होती, आजही वर्गात सांगावी अशी. घंटेचे श्रेय घंटेला नव्हते, एवढे त्यांनी सिद्ध केले. पण या आणि अशा प्रयोगांवरून पुष्कळांनी पुढची उडी मारली, की मासे बहिरेच असतात. जर्मनीतल्या रॉस्टॉक विद्यापीठाचे कानांचे नामवंत डॉक्टर ओटो कोर्नर यांनीही १९०५ साली तोच निष्कर्ष काढला. त्याला शरीररचनेचा आधारही दिला जाई. आपल्या कानात आवाज ओळखणारा गोगलगाईच्या शंखासारखा वळलेला भाग असतो, माशाच्या अंतःकर्णात तो नसतो. अवयवच नाही तर ऐकणार कशाने? अमेरिकेत जॉर्ज पार्कर यांनी १९०३ साली काही मासे ऐकतात असे मांडले होते. वाद मिटला नाही.

बहिरेपणाच्या बाजूच्या युक्तिवादातली एक फट लक्षात घ्यायला हवी. आवाज केला आणि मासा हलला नाही, याचे दोन अर्थ होतात. त्याला ऐकू आले नसेल, किंवा ऐकू आले असेल पण त्या आवाजाशी त्याला काही कर्तव्य नसेल. वर्गात हाक मारल्यावर न वळणारा प्रत्येक विद्यार्थी बहिरा नसतो, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको.

कार्ल फॉन फ्रिश यांनी हीच फट पकडली. मधमाश्यांच्या नृत्याच्या भाषेमुळे ते आपल्याला माहीत असतात आणि १९७३ सालच्या नोबेल पारितोषिकातला त्यांचा वाटाही त्याच कामाशी जोडला जातो. पण त्यांनी माशांवरही आयुष्यभर काम केले. १९२१ ते १९२३ या काळात ते रॉस्टॉकलाच प्राध्यापक होते, म्हणजे कोर्नर यांचे सहकारी. आवाजाला माशाच्या लेखी अर्थ द्यायचा, तर आवाजापाठोपाठ खाणे द्यावे, असे त्यांनी ठरवले. पावलोव्ह यांच्या कुत्र्यांवरच्या प्रयोगांचीच ही वाट. त्यासाठी त्यांनी मिशा असलेला एक छोटा कॅटफिश निवडला. त्याचे लाडाचे नाव झाव्हर्ल, दक्षिण जर्मनीत झाव्हर या नावाच्या मुलाला घरात हाक मारतात तसे.

क्राइडल यांच्या तपासणीतला धडा फ्रिश विसरले नव्हते. शिट्टी घालणाऱ्या माणसाचे ओठ, हात, सावली यातले काहीही माशाला दिसता कामा नये. म्हणून त्यांनी माशाचे डोळे काढले. कॅटफिश चिखलातले अन्न मिशांनी आणि अंगभर पसरलेल्या रुचिकलिकांनी शोधतो, त्यामुळे डोळ्यांविना त्याची उपासमार होत नाही. तरीही हे वाचताना अंगावर काटा येतो, आणि तो यायलाच हवा. आज अशा प्रयोगासाठी नैतिक समितीची परवानगी लागते, आणि शाळेत तर असे काही करायचा विचारही करू नये.

पेटीच्या तळाशी फ्रिश यांनी ती मातीची नळी ठेवली. मासा दिवसभर तिच्यात पडून राही. मग रोजचा क्रम सुरू झाला. आधी शिट्टी, नंतर काडीला लावलेला मांसाचा तुकडा नळीशी न्यायचा. थोड्याच दिवसांत नुसती शिट्टी वाजली, पाण्यात खाणे नसले, तरी मासा नळीबाहेर येऊन शोध घेऊ लागला. फ्रिश यांनी कोर्नर यांना बोलावून हा प्रकार दाखवला. मासा शिट्टीला बाहेर येतो यात शंका नाही, अशी कबुली कोर्नर यांनी दिल्याचे फ्रिश यांनी आठवणींत लिहिले आहे. प्रयोगाचा निबंध १९२३ साली छापून आला. शिट्टी घातली की येणारा कॅटफिश, असेच त्याचे शीर्षक होते.

आमच्या मते या प्रयोगात शिट्टीइतकेच श्रेय नळीला आहे. उघड्या पेटीत मासा इकडेतिकडे फिरत राहिला असता, तर कोणती हालचाल शिट्टीमुळे आणि कोणती सहज, हे ठरवणार कसे? नळीमुळे माशाला एक स्वस्थ जागा मिळाली आणि निरीक्षकाला स्वच्छ उत्तर : आत म्हणजे नाही, बाहेर म्हणजे हो.

इथे एक मजेदार कोडे उरते. मासा अंधार शोधत लपतो असे आपण म्हणतो. मग डोळे नसलेला मासा नळीत का थांबला? अंधार कळायला डोळेच लागतात असेही नाही. डोळे गमावलेल्या मिनो माशाच्या त्वचेचा रंग तरीही उजेड-अंधाराप्रमाणे बदलतो, हे खुद्द फ्रिश यांनीच १९११ साली दाखवले होते. माशाचा मेंदू कवटीतून झिरपणारा उजेड ओळखू शकतो. पण लपण्यामागे दुसरेही कारण असते, ते स्पर्शाचे. नेरिस हा समुद्री कृमी पारदर्शक काचेच्या नळीतसुद्धा शिरून बसतो. कडेला काहीतरी घट्ट टेकलेले असणे हीच त्याची गरज. जाक लोब यांनी प्राण्यांच्या या ओढीची बरीच चर्चा केली होती. तळाशी राहणाऱ्या पुष्कळ माशांना पाठीला आणि कुशीला आधार लागतो, तो याच जातीचा.

आणि ऐकण्याचा अवयव? त्याचा एक धागा शंभर वर्षे आधीच हाती आला होता. एर्न्स्ट हाइनरिख वेबर यांनी १८२० साली कार्प आणि कॅटफिश यांसारख्या माशांत हवेच्या पिशवीपासून अंतःकर्णापर्यंत जाणारी चिमुकल्या हाडांची साखळी वर्णिली होती. पाण्यातल्या आवाजाने पिशवीतली हवा थरथरते आणि ती थरथर हाडांवाटे कानात पोचते. फ्रिश आणि त्यांचे विद्यार्थी श्टेटर यांनी १९३२ साली मिनो माशावर दाखवले, की अंतःकर्णाचा खालचा भाग ऐकण्याचे काम करतो. शंखाची गरज नाही.

वर्गातली पेटी मांडताना यातले बरेच उपयोगी पडेल. फुटक्या माठाचे किंवा कौलाचे खापर, अर्धी करवंटी, प्लॅस्टिकच्या पाइपचा तुकडा, काहीही चालते. मात्र धारदार कडा घासून बोथट कराव्यात, रंगवलेली किंवा चकाकी दिलेली भांडी टाळावीत. संगमरवर आणि शिंपले पाण्याचा जडपणा वाढवतात. नळी फार रुंद नको, माशाच्या अंगाला टेकेल पण त्याला सहज वळून निघता येईल एवढी हवी. शक्यतो दोन्ही तोंडे उघडी असावीत, म्हणजे आत पाणी साचून कुजणार नाही. मासे जितके, त्याहून एकदोन जागा जास्त ठेवाव्यात, नाहीतर भांडणे होतात. शिंगीला हाताळताना जाळीच वापरावी, तिच्या काट्याचा दंश विषारी असतो.

मोठ्या मुलांना एक प्रयोग देता येईल. सारख्या मापाच्या दोन नळ्या, एक काचेची, एक मातीची, पेटीच्या दोन टोकांना ठेवायच्या. आठवडाभर ठरावीक वेळी मासा कुठे आहे ते टिपायचे, मधेच नळ्यांच्या जागा बदलायच्या. त्यानंतर शिट्टी. शिट्टी घालणारा पुठ्ठ्याच्या आडोशामागे उभा राहील आणि खाणे दुसराच कोणी टाकेल, एवढे केले तर माशाच्या डोळ्यांना हात लावायची गरज पडत नाही. अधूनमधून शिट्टीनंतर खाणे द्यायचे नाही, आणि कधी आडोशामागे नुसतेच उभे राहायचे, शिट्टी न घालता. त्या वेळी मासा बाहेर आला की नाही, याची नोंद सगळ्यात काळजीपूर्वक ठेवावी.