खान्देशच्या उन्हात मोटारीचा रंग जपताना

जळगाव असो वा धुळे, नवी मोटार ताब्यात घेताना हिशेब पूर्ण होत आला की विक्री प्रतिनिधी हळूच विचारतो, 'कोटिंगही करून घेणार ना?' टेफ्लॉन, सिरॅमिक, ग्राफीन अशी नावे पुढे येतात, सोबत तीन किंवा पाच वर्षांच्या हमीची भाषा. पुष्कळ जण त्या घाईतच होकार देतात. वास्तविक हा निर्णय महिनाभर लांबला तरी काही बिघडत नाही. गाडी चुकीच्या हाती पडली तर मात्र होणारे नुकसान भरून निघत नाही.

याचे कारण रंगाच्या रचनेत आहे. पत्र्यावर गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, मग प्रत्यक्ष रंग आणि सर्वांत वर पारदर्शक 'क्लिअर कोट' असतो. या सर्वांची एकत्रित जाडी बहुधा १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या दोन केसांएवढी. त्यात क्लिअर कोटचा वाटा साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा. गाडीची चमक या थराची, आणि उन्हातील अतिनील किरण शोषणारी द्रव्येही प्रामुख्याने यातच. 'रबिंग' करणारा कारागीर ओरखडे बुजवीत नसतो. ओरखड्याच्या तळापर्यंत भोवतालचा थर घासून खाली आणीत असतो. दरवर्षी दिवाळीला रबिंग करून घेणाऱ्या गाड्यांच्या टपावरून पुढे पापुद्रे सुटू लागतात, ते यामुळेच.

खान्देशात हा थर आधीच कसोटीला लागलेला असतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा उघड्यावर उभ्या गडद रंगाच्या गाडीचे बॉनेट ७० अंशांच्या आसपास तापते. अशा तापलेल्या, मऊ झालेल्या थरावर पक्ष्याची विष्ठा वाळली की तिचा ठसा कायमचा उमटतो. सावलीसाठी कडुनिंबाखाली गाडी लावणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात. अवजड वाहनांच्या चाकांतून उडणारी खडी समोरच्या बंपरवर आदळते. धुळीतील वाळूचे कण क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कठीण असतात. सकाळी कोरड्या फडक्याने गाडी 'पुसून' घेणे म्हणजे तिच्यावर रोज बारीक सँडपेपर फिरविणे होय.

पाण्याचा उपद्रव मात्र फारसा कोणी जमेस धरीत नाही. बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार असतात. उन्हात धुतलेल्या गाडीवर थेंब जागीच आटतात आणि पांढरी वर्तुळे मागे राहतात. सिरॅमिक कोटिंगवर पाण्याचे टपोरे थेंब उभे राहतात, हे दाखवूनच ते विकले जाते. परंतु आपल्याकडे तेच थेंब वाळून डाग धरतात. म्हणून कोटिंग असो वा नसो, गाडी सावलीत धुवावी, लगेच मायक्रोफायबरच्या कापडाने टिपून घ्यावी, आणि शक्य असल्यास शेवटचा हात शुद्ध केलेल्या पाण्याच्या एखाद्या जारने फिरवावा.

आता खुद्द लेपांविषयी. कार्नौबा मेण ब्राझीलमधील एका ताडवर्गीय झाडाच्या पानांपासून मिळते. त्याची झळाळी सुंदर, पण आपल्या उन्हाळ्यात ते काही आठवडेच टिकते. कृत्रिम पॉलिमर सीलंट चार-सहा महिने साथ देते, घरी लावता येते आणि स्वस्त पडते. रोज वापरातल्या गाडीला आमच्या मते ते पुरेसे आहे. 'टेफ्लॉन कोटिंग' हे नाव दिशाभूल करणारे आहे. टेफ्लॉन ३२७ अंश सेल्सिअसला वितळते; तव्यासारखे ते गाडीच्या रंगावर भाजून बसविणे अशक्य. त्या नावाखाली मिळते ते बहुधा सीलंटच असते.

सिलिकाधारित सिरॅमिक लेप खरोखर रंगाला चिकटतो आणि वर्ष-दोन वर्षे व्यवस्थित टिकू शकतो. त्याच्या जाहिरातीतील '९ एच' हे माप पेन्सिलीच्या शिशाच्या कठीणपणाचे आहे, खडीशी त्याचा संबंध नाही. खडीपासून संरक्षण हवे असेल तर पॉलियुरेथेनची जाड पारदर्शक फिल्मच लागते. संपूर्ण गाडीला ती फार महाग पडते. रोज धुळे-नाशिक ये-जा करणाऱ्याने बॉनेटचा पुढचा भाग व बंपर एवढ्यापुरती ती बसविली तरी भागते.

डिटेलर निवडताना हमीच्या वर्षांपेक्षा त्याची धुण्याची पद्धत पाहावी. एकाच बादलीत दिवसभर तोच स्पंज बुचकळणाऱ्याकडे कितीही उंची लेप असला तरी उपयोग नाही. पॉलिशपूर्वी तो रंगाची जाडी मोजण्याचे यंत्र लावतो का, पूर्वी रंगविलेले भाग ओळखून सांगतो का, हे विचारावे. बंदिस्त जागा आणि भरपूर प्रकाश हवा. मे महिन्यात तापलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये लावलेला लेप पुसण्याआधीच सुकतो व त्याचे पट्टे उमटतात. पावसाळ्यात दमटपणाची अडचण असते. दिवाळीनंतर होळीपर्यंतचा काळ या कामाला उत्तम. लेप लागल्यावर पहिला आठवडाभर गाडी धुऊ नये. अपघातानंतर नव्याने रंगविलेल्या भागावर, रंग पुरता सुकेपर्यंत काही आठवडे, कोणताही लेप लावू नये.

हमीपत्र घरी आणून वाचण्यापेक्षा पैसे देण्यापूर्वीच वाचावे. अनेक पत्रांत ठरावीक मुदतीत त्याच दुकानी सशुल्क देखभाल करून घेण्याची अट असते, आणि पाण्याचे डाग व पक्ष्यांची विष्ठा हमीतून वगळलेली असते. खान्देशात मग उरते काय, असा प्रश्न पडावा. उत्पादनाचे नाव, थरांची संख्या आणि हमीची मुदत लिहिलेले जीएसटीचे पक्के बिल घ्यावे. कामापूर्वीची छायाचित्रे जवळ ठेवावीत. फसवणूक झाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदविता येते, आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. तेथे पहिली विचारणा होते ती या बिलाचीच.