पॅराबेन गेले, मग आले कोण?

क्रीममध्ये पाणी असले की आज ना उद्या त्यात जंतू आणि बुरशी धरणारच. त्यांना रोखण्याचे काम 1920च्या दशकापासून पॅराबेन निमूटपणे करत आले. स्वस्त, बिनवासाचे, त्वचेला सहसा न बाधणारे.

2004 मध्ये ब्रिटनच्या रीडिंग विद्यापीठातील फिलिपा डार्बर यांच्या गटाला स्तनांच्या 20 गाठींच्या तपासणीत पॅराबेनचे अंश सापडले. निरोगी ऊतींशी तुलना केलेली नव्हती; पॅराबेनमुळेच कर्करोग होतो, असा निष्कर्षही नव्हता. पण भीतीला तेवढे पुरले. डब्याडब्यांवर ‘पॅराबेनमुक्त’ झळकू लागले.

रिकामी जागा पटकावणाऱ्यांत मिथाइलआयसोथायझोलिनोन होते. आधी ते एका जोडीदार रसायनाबरोबर मिश्रणात वापरले जाई. युरोपात त्या मिश्रणाची मर्यादा दहा लाख भागांत 15. त्यात याचा वाटा जेमतेम 4. 2005 मध्ये युरोपीय संघाने प्रसाधनांत ते एकट्याने वापरू दिले, तेही 100 भागांपर्यंत. एका फटक्यात पंचवीसपट! ओले वाइप्स, शाम्पू, भिंतींचे रंग, सगळीकडे ते पोचले. त्वचातज्ज्ञांकडे खाजरे हात आणि सुजलेले चेहरे दिसू लागले. काहींना तर नुकत्याच रंगवलेल्या खोलीत नुसते बसूनही पुरळ उठे.

2013 मध्ये संपर्कजन्य त्वचारोगांच्या अमेरिकी संघटनेने त्याला ‘वर्षाचा ॲलर्जन’ ठरवले. 2017 पासून युरोपात अंगावर तशाच राहणाऱ्या प्रसाधनांत त्याला बंदी आहे.

पॅराबेनपैकी काहींवर युरोपने 2014 मध्ये बंदी घातली. उरलेल्यांचे काय? त्याच अमेरिकी संघटनेने 2019 मध्ये पॅराबेनना ‘वर्षाचा बिन-ॲलर्जन’ जाहीर केले. ‘पॅराबेनमुक्त’ची लेबले मात्र अजून बाजारात आहेत.